उलांडी, कॅटामरान, प्रोआ : पारंपरिक धाटणीच्या मल्टिहल बोटींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न कुणी मालवणातून पाठवतं, कुणी पुण्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये बोट बांधायला निघालेलं असतं, तर कुणी परदेशातल्या एखाद्या खाडीकाठी राहतं. शब्द वेगळे असले तरी विचारणं बहुतेक तेच असतं, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवलं आहे. उत्तराचा काही भाग दुसऱ्या प्रश्नात आला असेल तर तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मल्टिहल म्हणजे नेमकं काय? कॅटामरान, ट्रायमरान आणि प्रोआ यांत फरक काय?

पाण्यात बसणारं होडीचं मुख्य अंग म्हणजे हल. अशी एकापेक्षा जास्त अंगं असलेली बोट ती मल्टिहल. दोन सारखी अंगं असली तर कॅटामरान. मधे मोठं आणि दोन्ही बाजूंना लहान असली तर ट्रायमरान. एक मोठी होडी आणि तिच्या एकाच बाजूला तरंगता ओंडका, म्हणजे आपली उलांडी. प्रोआ हीसुद्धा उलांडीचीच होडी, पण तिची दोन्ही टोकं सारखी असतात आणि दिशा बदलताना ती वळत नाही. ते कसं, ते प्रश्न ११ मध्ये.

साध्या शिडाच्या बोटीला तळाशी वजन ठेवून स्थिर करतात. मल्टिहलला रुंदी स्थिर करते. तळाला शिसं किंवा दगड नसल्यामुळे बोट हलकी राहते. हलकी असल्यामुळे ती चिंचोळी ठेवता येते आणि चिंचोळी असल्यामुळे ती पळते. पुढची बहुतेक उत्तरं या साखळीतूनच निघतात.

२. कॅटामरान हा शब्द तमिळ आहे म्हणतात. खरं का?

हो. ‘कट्टु’ म्हणजे बांधणं आणि ‘मरम’ म्हणजे लाकूड. गंमत अशी की तमिळ किनाऱ्यावरचं कट्टुमरम दोन अंगांचं नसतंच. ते ओंडके एकमेकांना बांधून केलेला तराफा असतो. युरोपीय खलाशांनी शब्द उचलला आणि तो पॅसिफिकमधल्या दुहेरी होड्यांना जाऊन चिकटला. तरी शब्दातला ‘बांधणं’ हा अर्थ मला मोलाचा वाटतो. प्रश्न ५ वाचलात की कारण कळेल.

३. आपल्या कोकणातली उलांडीची होडी या घराण्यात बसते का?

बसते. मुख्य होडी, तिच्यावरून बाहेर काढलेले दोन आडवे दांडे आणि त्यांच्या टोकाला बांधलेला हलका ओंडका ही रचना फिलिपाइन्स, इंडोनेशियापासून श्रीलंका, मादागास्कर आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत दिसते. श्रीलंकेतली ओरुवा तर आपल्या उलांडीची सख्खी बहीण शोभेल. बोरोबुदूरच्या आठव्या-नवव्या शतकातल्या शिल्पांत उलांड्या लावलेली शिडाची जहाजं कोरलेली आहेत. २००३-०४ मध्ये त्या शिल्पांवरून बांधलेलं एक जहाज इंडोनेशियाहून घानापर्यंत गेलं.

आपल्याकडे लोक उलांडीला ‘होडी कलू नये म्हणून लावलेलं लाकूड’ समजतात, आणि जाळं ओढायच्या कामापुरतं ते खरंही आहे. पण त्याच लाकडाच्या जोरावर माणसं महासागर ओलांडून गेली.

४. पारंपरिक धाटणी म्हणजे झाड कोरूनच बोट करायची का?

नाही. तेवढ्या घेराचं झाड मिळालं तरी ते पाडू नये असं माझं मत आहे. धाटणी म्हणजे रचनेमागचा विचार: चिंचोळी अंगं, लवचिक बांधणी, उघडा डेक, कमी उंचीचं शीड आणि सरळ वाळूवर चढवता येईल असा तळ.

दोन उदाहरणं पुरेशी आहेत. हवाईची होकुलेआ ही ६२ फुटी दुहेरी होडी १९७५ साली पाण्यात उतरली. तिची अंगं प्लायवूड आणि फायबरग्लासची, पण आकार, शिडं आणि बांधणी जुन्या वळणाची आहे. १९७६ मध्ये मायक्रोनेशियातल्या सातावाल बेटाचे माऊ पिआयलुग यांनी होकायंत्राशिवाय, तारे आणि लाटांची दिशा पाहून तिला हवाईहून ताहितीला नेलं. १ मे रोजी निघालेली होडी ४ जूनला पापेएतेला पोचली. पॉलिनेशियन लोक बेटांवर ‘चुकून वाहत’ पोचले असावेत, या मताला त्या सफरीने मोठा धक्का दिला.

दुसरं उदाहरण इंग्लंडच्या जेम्स व्हॉरम यांचं. त्यांनी १९५४ मध्ये साडेतेवीस फुटांची कॅटामरान स्वतः बांधली आणि पुढे दोन जर्मन सहकारी तरुणींसोबत तिच्यातून अटलांटिक ओलांडून त्रिनिदाद गाठलं. तिथे ४० फुटी दुसरी बांधून १९५९ मध्ये न्यूयॉर्कहून आयर्लंडला आले. उत्तर अटलांटिक पश्चिमेकडून पूर्वेकडे ओलांडणारी ती पहिली कॅटामरान. घरी बांधता येतील असे त्यांचे आराखडे जगभर विकले गेले, आणि मला प्रश्न पाठवणाऱ्यांतले निम्मे त्यातलाच एखादा आराखडा समोर ठेवून बसलेले असतात.

५. बोल्टऐवजी दोरीने बांधलेली बोट लाटांत सुटून येणार नाही का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि विचारणाऱ्याचा सूर बहुतेक वेळा ‘हे काय, गरिबाची जुळवाजुळव?’ असा असतो.

कॅटामरानची दोन अंगं दोन वेगळ्या लाटांवर असतात. एकाची नाळ (पुढचं टोक) वर चढते तेव्हा दुसऱ्याची खाली उतरत असते. त्यामुळे मधल्या आडव्या तुळयांना सतत पीळ बसतो. सांधा पक्का ताठर असला तर हा पीळ बोल्टच्या भोकापाशी एकवटतो. भोक हळूहळू मोठं होतं, पाणी शिरतं, लाकूड कुजतं आणि हे सगळं बोल्टच्या डोक्याखाली झाकलेलं राहतं. दोरीची बांधणी किंचित हलते, भार अनेक फेऱ्यांत वाटला जातो आणि लाकडाला भोक पाडावं लागत नाही. शिवाय दोरी खराब होताना डोळ्यांना दिसते. एखादा फेरा झिजला तरी बाकीचे धरून असतात.

मांडव घालणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. वाऱ्यात मांडव डुलतो, पण सुंभाने बांधलेला बांबू निखळत नाही.

पद्धत साधी आहे. तुळई आणि हलवरचा खुंट यांच्याभोवती आधी उभे फेरे घ्यायचे, प्रत्येक फेरा ओढून. मग त्या फेऱ्यांच्या मधोमध कमरपट्ट्यासारखे आडवे फेरे मारून सगळं आवळायचं. खरा ताण या आडव्या फेऱ्यांनी येतो आणि नवशिके नेमके तेच दोन-तीन मारून थांबतात. दोरी आधीच ताणून घेतलेली पॉलिएस्टरची घ्या. नायलॉन ओलं झालं की ताणतं. डायनीमा ही कृत्रिम धाग्याची दोरी फार मजबूत, पण गुळगुळीत असल्यामुळे गाठ सरकते आणि सतत ताणाखाली ती हळूहळू लांबते. काथ्या दिसतो सुंदर, पण नेमाने बदलायची तयारी हवी. तुळई आणि हल एकमेकांना घासतात तिथे पातळ गादी घाला.

पहिल्या दोन-तीन सफरींनंतर सगळं पुन्हा आवळावं लागतं. ती बांधणीतली चूक नसते, नव्या दोरीला बसायला तेवढा वेळ लागतोच.

६. दोन अंगांमध्ये अंतर किती ठेवावं? जास्त रुंद म्हणजे जास्त सुरक्षित ना?

एका मर्यादेपर्यंत. हिशेब करून पाहू. माणसं-सामानासह बोटीचं वजन ८०० किलो आणि दोन अंगांच्या मध्यरेषांत ३ मीटर अंतर धरा. वाऱ्याकडचं अंग पाण्यातून उचललं जाण्याच्या क्षणी बोटीला सरळ ठेवणारा जोर सर्वांत मोठा असतो: ८०० गुणिले दीड, म्हणजे १,२०० किलोग्रॅम-मीटर. शिडाच्या जोराचं केंद्र पाण्याखालच्या आधारापासून साडेचार मीटर वर असेल तर सुमारे २६५ किलोचा आडवा दाब ते अंग उचलतो. २० चौरस मीटर शिडावर एवढा दाब यायला ढोबळ हिशेबाने २५ नॉटच्या (ताशी सागरी मैलांच्या) आसपास वारा लागतो. शीड कमी करायची वेळ त्याच्या बरीच आधी येते (प्रश्न १२).

अंतर वाढवलं की आकडा सुधारतो, पण तुळयांवरचा ताणही वाढतो, त्या जाड कराव्या लागतात आणि वजन चढतं. फार रुंद बोट आडवी उलटत नाही, मात्र वाऱ्याआडच्या (वारा जिकडे वाहतो त्या बाजूच्या) नाळेवर दबून पुढे कोलमडू शकते. ती वळायलाही जड. लहान बोटीत एकूण रुंदी लांबीच्या निम्म्याहून थोडी जास्त, हे चांगलं माप. व्हॉरम यांच्या आराखड्यातली ‘टिकी’ ही २१ फुटी कॅटामरान १२ फूट रुंद आहे.

७. माझ्या बोटीवर किती सामान चढवता येईल?

तुम्हाला वाटतं त्यापेक्षा कमी. एका हलची पाण्यालगतची लांबी साडेसहा मीटर आणि रुंदी अर्धा मीटर धरा. टोकं निमुळती असल्यामुळे क्षेत्रफळ त्या चौकोनाच्या साधारण ७० टक्के, म्हणजे २.३ चौरस मीटर. दोन्ही मिळून ४.६. याचा अर्थ दर ४६ किलोमागे बोट १ सेंटिमीटर खाली बसते. चार माणसं, पाण्याचे कॅन, इंजिन आणि नांगर मिळून ४६० किलो झाले की बोट १० सेंटिमीटर खाली गेली. मधला डेक लाटांच्या तेवढा जवळ आला आणि प्रत्येक लाट खालून धप्पकन आपटायला लागली.

चिंचोळ्या अंगाचा फायदा वजन कमी असेपर्यंतच. म्हणून शीतपेटी, गाद्या, सागवानी कपाटं यांबद्दल विचारणाऱ्यांना मी एकच सांगतो: प्रत्येक वस्तू काट्यावर ठेवून मग यादीत लिहा. बोटी बिघडतात त्या बहुतेक आराखड्यात नाही, तर बांधणाऱ्याच्या हौसेत.

८. आराखडा २१ फुटांचा आहे. सगळी मापं निम्मी करून मुलांसाठी छोटी बांधू का?

नको. मापं दुप्पट केली तर वजन आठपट होतं आणि अंतर दुप्पट, म्हणून सरळ ठेवणारा जोर सोळापट. शिडाचं क्षेत्रफळ मात्र चौपट आणि उंची दुप्पट, म्हणजे कलवणारा जोर आठपटच. मोठी बोट आपसूक जास्त स्थिर होते. हेच उलटं धरलं तर निम्म्या मापाची बोट तुलनेने निम्मीच स्थिर. तिच्यात बसणारी मुलं काही निम्म्या वजनाची करता येत नाहीत, ही आणखी अडचण. लहान बोट हवी तर लहान बोटीचाच आराखडा घ्या.

९. प्लायवूड कोणतं, आणि पावसाळ्यात इपॉक्सीचं काम चालेल का?

आयएस ७१० छापाचं मरीन प्लाय. दुकानदार ‘वॉटरप्रूफ’ म्हणून फर्निचरचं प्लाय पुढे करतो, ते नको. छाप असला तरी कडा पाहा: आतल्या थरांत पोकळी दिसली तर फळी परत करा. एक तुकडा कापून दिवसभर उकळा, वाळवा, पुन्हा उकळा. थर सुटले तर दुकान बदला.

पावसाळ्यात मी फक्त कापाकापी करतो. दमट हवेत इपॉक्सीवर (दोन घटक कालवून केलेल्या चिकट राळेवर) मेणासारखा चिकट पापुद्रा येतो आणि त्यावरचा पुढचा थर नीट धरत नाही. आलाच तर आधी स्वच्छ पाण्याने घासून धुवा आणि मग पॉलिशपेपर मारा. धुण्याआधीच पॉलिशपेपर मारलात तर तो पापुद्रा आणखी आत दाबला जातो. मे महिन्यात अडचण उलटी असते: भांड्यात जास्त इपॉक्सी कालवलं तर ते तापून धुमसतं. थोडं थोडं कालवा आणि लगेच पसरट ताटात ओता.

१०. कॅटामरान वाऱ्यातून वळतच नाही. माझी दर वेळी मधेच थांबते. काय चुकतं?

बहुधा घाई. बोट हलकी असते, त्यामुळे वेग सुटला की ती लगेच थबकते. वाऱ्याच्या तोंडाला फार चिकटून जात असाल तर आधी नाळ वाऱ्यापासून थोडी दूर वळवून वेग घ्या. मग सुकाणू एकदम नाही, सावकाश पण थांबू न देता वळवा. एकदम आडवं केलेलं सुकाणू ब्रेकसारखं लागतं. मोठ्या शिडाची दोरी किंचित सैल सोडा. पुढचं शीड मात्र जुन्याच बाजूला धरून ठेवा, म्हणजे वारा त्याच्या पाठीवर बसून नाळ पलीकडे ढकलेल. नाळ पार झाली की मगच ते सोडायचं.

तरीही अडकलात आणि बोट मागे सरकू लागली तर सुकाणू उलटं फिरवा. मागे जाताना त्याचा परिणाम उलटा होतो.

इंग्रजी ‘व्ही’सारख्या खोल तळाच्या बोटींना वेगळी फळी खाली सोडावी लागत नाही. तळच आडवं सरकणं रोखतो. त्याची किंमत अशी की त्या जरा हळू वळतात आणि वाऱ्याच्या तोंडावर आधुनिक बोटीइतक्या चढत नाहीत. वाऱ्याच्या ५० अंशांहून आत घुसायचा हट्ट सोडलात तर निम्मी तक्रार संपेल.

११. प्रोआ वळत नाही म्हणजे दिशा कशी बदलते?

तिची नाळ आणि पाठ (मागचं टोक) आपापसात बदलतात. उलांडी कायम वाऱ्याकडे ठेवायची असते, म्हणून वाऱ्यातून वळणं बादच. शिडाची दोरी सैल सोडली की होडी वाऱ्याला आडवी उभी राहते. मग शिडाचं पुढचं टोक सोडून वाऱ्याआडच्या बाजूने दुसऱ्या टोकाला नेतात, डोलकाठी तिकडे झुकवतात, सुकाणूचं वल्हं आता जी पाठ झाली तिकडे जातं आणि दोरी ओढली की होडी उलट दिशेने निघते.

मायक्रोनेशियातल्या अशा होड्यांचा तळ बऱ्याचदा दोन्ही बाजूंनी सारखा नसतो. वाऱ्याआडची बाजू चपटी आणि उलांडीकडची फुगीर ठेवलेली असते. ओरुवाही अशीच दोन्ही टोकांनी चालते.

यात वापरलं जाणारं खेकड्याच्या नांगीसारखं शीड फक्त दिसायला वेगळं आहे असं समजू नका. त्याच्या कडांवरून हवेचे भोवरे सुटतात आणि त्रिकोणी पंखाच्या विमानासारखा जोर मिळतो. आडव्या वाऱ्यात ते फार चांगलं ओढतं. वाऱ्याच्या तोंडावर त्याचा तेवढा उपयोग नाही, आणि एकट्याने हाताळायला ते त्रासाचं आहे.

१२. कॅटामरान उलटते का? आणि उलटली तर?

उलटते, आणि उलटी झाल्यावर तशीच स्थिर राहते. एका अंगाची बोट वाढत्या वाऱ्यात कलते आणि तुम्हाला सावध करते. कॅटामरान कलत नाही, फक्त वेग घेते, आणि म्हणूनच माणसाला मोह पडतो. वारा दुप्पट झाला की शिडावरचा दाब चौपट होतो. त्यामुळे शीड कमी करायचा वारा घरीच ठरवून डोलकाठीजवळ लिहून ठेवा. लहान बोटीला मी १५ नॉट धरतो. ‘अजून थोडं बघू’ म्हणणाऱ्यासोबत मी जात नाही.

उलटली तर बोट सोडू नका. तळाला वजन नसल्यामुळे लाकडी बोट बुडत नाही, आणि पाण्यातल्या डोक्यापेक्षा उलटी बोट शोधणाऱ्याला लवकर दिसते. १९७८ च्या मार्चमध्ये होकुलेआचं एक अंग पाण्याने भरलं आणि ती मोलोकाईजवळ उलटली. मदत आणायला एडी आयकाऊ हे नावाजलेले जीवरक्षक सर्फबोर्डवरून निघाले, ते पुन्हा सापडले नाहीत. होडीला धरून राहिलेले बाकीचे सगळे वाचले. अंगात पाणी शिरू नये म्हणून आत आडव्या बंद भिंती हव्यात.

१३. कोकणात शिकायला वेळ कोणती चांगली?

नोव्हेंबर ते एप्रिल. पहाटे मतलई वारा जमिनीकडून येतो, दुपारनंतर वायव्येचा समुद्राकडून. मतलई बोटीला बाहेर ढकलतो, म्हणून नवशिक्याने सकाळी खाडीतच फिरावं. पावसाळ्यात बोट मांडवाखाली.

१४. नोंदणी लागते का?

इंजिन लावलंत की हो, असं धरून चाला. खाडी-नदीतल्या यांत्रिक बोटींना अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ लागू आहे. पैसे घेऊन माणसं बसवणं हे प्रकरण वेगळं आणि जास्त कडक. लाकूड कापण्याआधी महाराष्ट्र सागरी मंडळाच्या जवळच्या बंदर कार्यालयात आराखडा दाखवा.

१५. उलांडी वाऱ्याआड ठेवून चालणाऱ्याही बोटी आहेत ना? मग प्रश्न ११ मधला नियम चुकीचा का?

नियम त्या होडीपुरता बरोबर आहे. पॅसिफिकच्या प्रोआत उलांडी वजनाचं काम करते: हलकी असते, वर उचलली जाते आणि खलाशी तिच्याकडे सरकून तोल राखतात. ती वाऱ्याआड आली तर पाण्यात दबेल, शिडावर उलट्या बाजूने वारा बसेल आणि डोलकाठी कोसळू शकेल. पण तरंगता भाग वाऱ्याआडच ठेवायचा असं ठरवून तो मोठा, भरपूर तरंगणारा केला तर तीही प्रोआ चालते. ‘चीअर्स’ नावाची अशी ४० फुटी बोट १९६८ च्या एकट्याने अटलांटिक ओलांडायच्या शर्यतीत तिसरी आली.

१६. माझ्याकडे फायबरची उलांडीची होडी आहेच. तिला शीड लावू का?

लावता येईल, पण आपल्या होडीची नाळ आणि पाठ वेगळी असते, त्यामुळे तिला प्रोआसारखं चालवता येणार नाही. ती वळणार, आणि एका दिशेला जाताना उलांडी वाऱ्याआड येणारच. म्हणून पहिली चाचणी शिडाशिवाय करा: कंबरभर पाण्यात होडी उभी करून शिडामुळे उलांडीवर येईल तेवढ्या भाराची माणसं तिच्या दांड्यावर बसवा. उलांडी पूर्ण बुडाली तर ती त्या शिडाला पुरणार नाही. मोठी उलांडी करा किंवा शीड लहान करा.

दुसऱ्या बाजूलाही उलांडी लावायचा पर्याय आहे, बालीच्या जुकुंगसारखा. त्या मात्र पाण्याच्या किंचित वर बसवा, म्हणजे एका वेळी एकच पाण्याला लागेल. दोन्ही सतत पाण्यात राहिल्या तर होडी अडखळत चालते आणि लाटांत दांड्यांवर पीळ वाढतो. दांडे कसे बांधायचे ते प्रश्न ५ मध्ये आलंच आहे. फायबरला भोकं पाडून नटबोल्ट ठोकू नका. काठाला आतून लाकडी पट्टी चिकटवा आणि तिच्याभोवती फेरे घ्या.